परवानगी दिली, पाहणीला कोणी आले नाही

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
शहर पाणी व सांडपाणी सेवा कंपनी

विषय : ओढ्याकाठच्या बांधकामाला परवानगी दिल्यानंतर जागेवर पाहणी न झाल्याबद्दल आणि माझ्या तीन तक्रारी न पाहताच निकाली काढल्याबद्दल.

महोदय / महोदया,

मी आपला एकोणीस वर्षांपासूनचा ग्राहक आहे. दर बिलात पाणीपट्टीच्या खाली पावसाळी पाण्याच्या व्यवस्थेचा आकार लावलेला असतो, तो मी एकदाही थकवलेला नाही. आमचे घर ओढ्याच्या डाव्या काठावर आहे. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास ओढ्याचे पाणी पहिल्यांदाच आमच्या घरात शिरले. तळमजल्यावर माझ्या आईची खोली आहे. तिचे वय ८१. तिला खुर्चीसकट उचलून जिन्यावर नेले तेव्हा पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत आले होते. त्यानंतरही ते चढत राहिले. भिंतीवर गाळाची रेघ उमटली आहे, फरशीपासून ४३ सेंटिमीटरवर. ती मी पुसलेली नाही. आपल्याकडून कोणीतरी येऊन ती पाहावी, एवढ्यासाठी ठेवली आहे.

पाऊसच फार झाला, त्याला कोण काय करणार, असे मला फोनवर सांगण्यात आले. म्हणून आधी पावसाचेच सांगतो. अंगणात पर्जन्यमापक लावून मी रोजचा आकडा वहीत लिहितो. त्या दिवशी ६२ मिलिमीटर भरला. माझ्या वहीत ९० च्या वर गेलेले सात दिवस आहेत आणि त्या सातही दिवशी पाणी अंगणाच्या खालच्या पायरीला लागून परत गेले. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्या रात्री माझ्या अंगणापेक्षा जास्त कोसळला असेल, हे मी नाकारत नाही. पण ते सात दिवस आणि ही रात्र यांच्या मधल्या काळात एक गोष्ट बदलली आहे. आमच्या वर साधारण दोनशे मीटरवर, समोरच्या काठाला, एक मोठे बांधकाम उभे राहिले आहे. त्याला ओढ्याकाठची परवानगी आपल्या कंपनीने दिली आहे.

परवानगी म्हणजे काय असते हे मला चांगले ठाऊक आहे, कारण सहा वर्षांपूर्वी मी स्वतः ती घेतली होती, याच खोलीसाठी. आम्ही पाण्याच्या कडेपासून अंतर मोजून नकाशा दिला होता. आपले अभियंता टेप घेऊन जागेवर आले. त्यांनी आमची खूण सोडली आणि काठ जिथे उतरायला लागतो त्या वरच्या कडेवर खुंटी ठोकली. म्हणाले, अंतर इथून धरायचे, पाण्याची कड रोज बदलते. दहा मीटरचा पट्टा मोकळा सोडायचा होता आणि आमची खोली त्यात साडेतीन मीटर घुसत होती. पायासाठी खणलेला चर बुजवावा लागला, नकाशा नव्याने काढावा लागला, खोली लहान झाली. मला राग आला होता. पण ते गृहस्थ काठावर खाली उतरले, झाडाची उघडी पडलेली मुळे हातात धरून दाखवली आणि शांतपणे समजावून सांगितले, की काठची माती या मुळांनी धरून ठेवली आहे. काठ साफ केला की माती ढासळते आणि खालच्या मोरीत जाऊन बसते. पाणी वाढले की त्याला पसरायला हाच पट्टा लागतो, तो बांधून टाकला तर पाणी समोरच्याच्या किंवा खालच्याच्या घरात जाते. त्या पाहणीला दोन तास लागले. मला ते पटले आणि आजही पटते. इंग्लंडमध्येसुद्धा मुख्य नदीच्या काठापासून ८ मीटरच्या आत, आणि भरतीचे पाणी चढत असेल तिथे १६ मीटरच्या आत, काही बांधायचे तर तिथल्या पर्यावरण संस्थेची वेगळी परवानगी काढावी लागते. माझी तक्रार नियमाविरुद्ध नाही. नियम आम्ही पाळला आणि पाणी त्याच खोलीत आले, ही माझी तक्रार आहे.

आपल्या कार्यालयात रीतसर अर्ज करून मी समोरच्या बांधकामाच्या मंजूर नकाशाची प्रत घेतली. नकाशा निर्दोष आहे. काठाची कड दाखवली आहे, दहा मीटरचा पट्टा हिरव्या रंगात आहे, त्यात जुनी झाडे जशीच्या तशी ठेवायची असा शेरा आहे. प्रत्यक्षात तिथे झाडे नाहीत. काठावर राडारोडा आणि मुरमाचा भराव टाकून जमीन वर उचलली आहे आणि भरावाला धरून संरक्षक भिंत बांधली आहे. पादचारी पुलाच्या खांबापासून काठाची जुनी कड किती दूर होती ते नकाशात आहेच. त्यावरून मोजले तर भिंत कडेपासून जेमतेम चार मीटरवर येते. आज नुसते जाऊन पाहणाऱ्याला हे कळणारही नाही, कारण जुनी कडच भरावाखाली गेली आहे. ओढा तिथे अरुंद झाला आहे. एका काठाला भराव घातला की तेवढ्या जागेतले पाणी उंच चढते आणि दुसऱ्या काठाकडे रेटले जाते. दुसऱ्या काठावर आम्ही आहोत.

भरावापेक्षाही मला जास्त लागले ते टाकीचे. त्या प्लॉटचे क्षेत्रफळ २,४०० चौरस मीटर आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, तेव्हा तिथे ५० मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख २० हजार लिटर होतात. पूर्वी तिथे माती आणि गवत होते. अशा जमिनीवरून ढोबळमानाने पाचवा हिस्सा वाहून जातो असे धरले, तर ओढ्यात २४ हजार लिटर यायचे, बाकीचे मुरायचे. छप्पर आणि काँक्रीट झाल्यावर दहातले नऊ हिस्से वाहतात, म्हणजे १ लाख ८ हजार लिटर. साडेचार पट, आणि तेही मातीतून झिरपत सावकाश न येता एकदम. हा हिशेब आपल्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो, म्हणूनच मंजूर नकाशात पार्किंगच्या खाली साठवण टाकी दाखवली आहे. सिंगापूरमध्ये २०१४ पासून ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवरच्या नव्या बांधकामाला पावसाचे पाणी स्वतःच्या आवारात रोखून मग सोडावे लागते. हा प्लॉट तिथे असता तर त्याच नियमात आला असता. आपणही तेच मागितले आणि ते योग्यच केले.

पण ही टाकी काम करते ती तिच्या तोंडावरच्या एका लोखंडी प्लेटमुळे. बाहेर जाणारा पाइप ३०० मिलिमीटरचा आहे. नकाशाप्रमाणे त्याच्या तोंडावर ७५ मिलिमीटरचे भोक असलेली प्लेट बसवायची आहे, म्हणजे पाणी टाकीत साठते आणि त्या भोकातून हळूहळू सुटते. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. टाकीचा चेंबर पायवाटेला लागूनच आहे आणि झाकण अर्धे सरकलेले होते. आत पाइपचे तोंड पूर्ण उघडे होते. प्लेट चेंबरशेजारी गवतात पडली होती, चार बोल्ट तिच्यावरच ठेवलेले, भोकाच्या कडेला पालापाचोळा वाळून चिकटलेला. रखवालदाराने सरळ सांगितले, की भोक पाल्याने तुंबायचे आणि पार्किंगमध्ये पाणी साचायचे, म्हणून बरेच दिवसांपूर्वी ती काढून ठेवली. त्या माणसाचा यात दोष नाही. भोकाच्या आधी जाळी हवी आणि ती वरचेवर साफ व्हायला हवी, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ७५ च्या जागी ३०० मिलिमीटर म्हणजे व्यास चौपट आणि तोंडाचे क्षेत्रफळ सोळा पट. टाकीतल्या पाण्याची उंची तेवढीच धरली तर ओढ्यात जाणारे पाणीही जवळजवळ सोळा पट. कागदावर टाकी आहे, पाण्याच्या दृष्टीने ती तिथे नाहीच.

मी हे सगळे पाणी घरात आल्यावर शोधायला निघालो असे नाही. पहिली तक्रार मी भराव पडत असतानाच केली होती. दुसऱ्याच दिवशी पोर्टलवर शेरा आला : परवानगी नियमानुसार, तक्रार निकाली. दुसरी तक्रार गाळाची होती. बांधकामाच्या कडेला गाळ अडवायचे कापड खुंट्यांवरून सुटून चिखलात लोळत होते आणि थोड्या सरीनेही ओढा तांबडा होत होता. पावसाळी जलवाहिनीचे पाणी कोणत्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही, ते जसेच्या तसे ओढ्यात येते, आणि ती माती खालच्या मोरीत बसली. मोरीच्या दोन नळ्यांपैकी एक आज निम्म्याहून जास्त भरलेली आहे. तो शेरा असा : संबंधित विभागाकडे वर्ग, तक्रार निकाली. तिसरी तक्रार पुरानंतरची. तिला उत्तर मिळाले, की हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शेकडा एक शक्यता असलेला पूर. तीस वर्षे त्या रेषेवर राहणाऱ्याला तो गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चौघांतल्या एकाला. तो शब्द एखाद्या रात्रीला लावायचा तर ओढ्यातून किती पाणी गेले ते मोजलेले लागते. इथे ते कोणी, कुठे मोजले, हे शेऱ्यात लिहिलेले नाही. तिन्ही तक्रारींच्या पानावर ‘पाहणी दिनांक’ असा एक रकाना आहे. तिन्ही ठिकाणी तो रिकामा आहे.

फोन केला तर परवाना विभाग म्हणतो, नकाशा मंजूर झाला की आमचे काम संपले. देखभाल विभाग म्हणतो, टाकी खासगी आवारात आहे, आम्ही हात लावू शकत नाही. आपला विभाग म्हणतो, परवाना विभागाशी बोला. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असेलही, पण मग त्या प्लेटकडे पाहणे हे कोणाचेच काम उरत नाही. अमेरिकेत १९९९ साली लहान शहरांच्या पावसाळी पाण्याच्या व्यवस्थांसाठी नियम झाले. बांधकाम चालू असताना गाळ अडवला जातो का हे बघणे, आणि बांधकाम संपल्यावर पाणी रोखण्याच्या सोयींची पुढेही देखभाल होत राहील अशी तजवीज करणे, या दोन्ही गोष्टी त्यात व्यवस्था चालवणाऱ्यावरच टाकल्या आहेत. परवानगी देणारा हात आणि नंतर तपासणारा हात एकाच अंगाचे असावेत, एवढेच मी आपल्याकडे मागतो आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन तास देणारे अभियंता आपल्याच कंपनीचे होते. आपल्याला हे काम येत नाही असे मी कधीच म्हणणार नाही.

माझी विनंती अशी आहे. सात दिवसांच्या आत अभियंत्यांनी मंजूर नकाशा हातात घेऊन दोन्ही काठांवर यावे, पादचारी पुलाच्या खांबापासून टेप धरावी आणि जे आढळेल ते लेखी नोंदवून त्याची प्रत मला द्यावी. टाकीची प्लेट जाळीसह लगेच बसवून घ्यावी. याला नोटीस आणि सुनावणीची वाट पाहण्याची गरज नाही, चार बोल्टांचे काम आहे. त्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला अजून दिला नसेल तर भराव काढून काठ मोकळा होईपर्यंत तो देऊ नये, आणि दिला असेल तर कोणाच्या पाहणीवरून दिला ते कळवावे. मोरीतला गाळ पुढच्या मोठ्या पावसाआधी काढावा. तिन्ही तक्रारी पुन्हा उघडाव्यात. आमच्या नुकसानीचा तपशील आणि फोटो मी सोबत जोडले आहेत, पण भरपाईचे बोलणे पाहणीनंतर झाले तरी चालेल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी हीच कागदपत्रे आपल्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे नेईन.

आई सध्या वरच्या मजल्यावर माझ्या मुलीच्या खोलीत झोपते. तिला जिना चढवत नाही, म्हणून त्या रात्रीपासून ती खाली आलेली नाही. सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर मी घरी असतो. येणाऱ्या अभियंत्यांना भिंतीवरची रेघ, पावसाची वही आणि समोरच्या काठावरचा तो चेंबर मी स्वतः दाखवीन. काल संध्याकाळी पुलावरून पाहिले, प्लेट अजून गवतातच पडलेली आहे.

आपला,
ओढ्याकाठचा एक ग्राहक