डाव्या काचेवरचा ठसा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नाही. एरवी असतो, या वेळी नव्हता. खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्क वैतागलो होतो. मी तुला कविता पाठवली बाबांच्या चष्म्यावरची, आणि तू चार पानं लिहिलीस ती तुझ्या ताईवर! तीही चांगली हयात असलेल्या, फक्त सहा वर्षं तुझ्याशी अबोला धरलेल्या ताईवर. मनात म्हटलं, याने कविता वाचली की नुसती चाळली?

राग ओसरल्यावर कवितेचा कागद काढून बसलो. तुझ्या बाजूला बसून वाचावी तशी वाचली. तेव्हा लक्षात आलं की बाबा त्या कवितेत कुठे नाहीतच. तो शब्दच नाही. पहिल्या खर्ड्यात तो दोनदा होता:

बाबांच्या चष्म्यावर बाबांच्या अंगठ्याचा ठसा,
पुसायला घेतला आणि ठेवून दिला तसाच.

तुझ्याकडे आलं ते असं:

काचेवर अंगठ्याचा ठसा.
पुसायला घेतला.
ठेवून दिला.

‘बाबा’ मी काढले ते काही फार विचार करून नव्हे. दोनदा आल्यामुळे चारचौघांत गळा काढल्यासारखं वाटत होतं, म्हणून लाजून काढले. पण त्या लाजेनेच दार उघडं राहिलं आणि तू आत आलास. नातं गेलं, वस्तू राहिली. याउलट माझ्या जुन्या कविता आठव. ‘विरह’, ‘आठवणींचा गंध’, ‘मनाचा गाभारा’ वगैरे. त्यांतून मी सगळ्यांना आवतण देत होतो, पण बसायला एक पाटही मांडला नव्हता. कुणी फिरकलं नाही. तूसुद्धा ‘छान आहे’ एवढंच म्हणायचास, आणि तुझं ‘छान’ मला चांगलं कळतं.

कॉलेजात आपण ‘साधारणीकरण’, म्हणजे काव्यातली एकाची भावना कुणाचीही होऊ शकणं, पाठ केलं होतं ना, पाच मार्कांची टीप म्हणून? संस्कृत काव्यशास्त्रातल्या भट्टनायकाने मांडलं, अभिनवगुप्ताने पुढे नेलं, काळ साधारण एक हजार वर्षांपूर्वीचा, एवढं लिहून आपण मोकळे झालो होतो. आता वाटतं, तेव्हा ते कळणार तरी कसं होतं? आपलं कुणी गेलं नव्हतं, कुणी बोलायचं थांबलं नव्हतं. आज तोच शब्द माझ्या टेबलावर पडलेला दिसतो: शोक बाबांसाठीचा होता, तो ‘कुणासाठी तरी’ झाला, म्हणूनच तो तुला तुझ्या पद्धतीने भोगता आला. लोकांना वाटतं साधारणीकरण म्हणजे मोघम लिहिणं. साफ उलटं. ठसा अंगठ्याचाच हवा, काचेवरचाच हवा. तो कुणाचा, एवढंच सैल सोडायचं.

‘सहृदय’ या शब्दाचंही आपण वाटोळं केलंय. आज त्याचा अर्थ दयाळू, कनवाळू. अभिनवगुप्ताच्या लेखी सहृदय म्हणजे काव्याच्या अभ्यासाने ज्याचा मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि जो वर्णिलेल्या गोष्टीशी तन्मय होऊ शकतो, असा वाचक. म्हणजे ही जन्मजात माया नव्हे, रियाज आहे. रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नंही तो सांगतो. त्यांतलं एक मला फार झोंबलं: स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणं. आणखी एक आहे: हे माझंच आहे किंवा हे त्या दुसऱ्याचंच आहे, असा हट्ट धरून बसणं.

माझ्या एका वाचनानंतर एक गृहस्थ भेटले. ‘अगदी माझ्याच मनातलं लिहिलंत!’ असं म्हणाले आणि मग पाऊण तास त्यांची हकीकत. त्यात माझी कविता परत एकदाही डोकावली नाही. मी मान डोलवत उभा होतो. त्यांना माझ्याबद्दल प्रेम वाटलं असेलही, नाही कशाला म्हणू? पण कविता त्यांच्यासाठी खुंटी होती, त्यांनी तिच्यावर आपला कोट अडकवला. तुझं पत्र पहिल्या तीन पानांपर्यंत मला तसंच वाटलं होतं. चौथ्या पानाच्या शेवटी तू विचारलंस, ‘आणि तू? नंतर तरी पुसलास का रे?’ तिथे मी थांबलो. तू ताईकडे जाऊन माझ्याकडे परत आला होतास. त्या गृहस्थांना परतीची वाट सापडली नव्हती, एवढाच फरक.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला आलिंगन देतो, तिथली ओवी तुला तोंडपाठ असेल:

हृदया हृदय येक जालें । ये हृदयींचें ते हृदयीं घातलें ।
द्वैत न मोडितां केलें । आपणाऐसें अर्जुना ॥

पहिल्या दोन चरणांवर सगळेच डोलतात. मी अडकलो तिसऱ्यावर. ‘द्वैत न मोडितां.’ दोघेही एक झाले आणि दोन राहिले. खरं तर हे गुरुशिष्याबद्दल आहे, भक्तीबद्दल आहे. कवितेसाठी मी ते उसनं घेतोय हे मला कळतं. पण या तीन शब्दांइतकं नेमकं मला दुसरं काही सापडलं नाही.

अर्थात, प्रत्येक कवितेत आपल्याला ठसा सापडेलच असं नाही, आणि सापडू नयेही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’, मुंबईच्या वेश्यावस्तीतल्या जगाचा कवितासंग्रह, १९७२ साली आला. मी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा निम्मे शब्द अंगावर आले, उरलेले कळलेच नाहीत. तिथे ‘मलाही असंच वाटतं’ म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा झाला असता. ती कविता मला आत घेत नव्हती, दारात उभं करून बघायला लावत होती. तरी मी पुस्तक मिटलं नाही. माझ्यासारखं काहीच नसलेल्या माणसासमोर किती वेळ उभं राहता येतं, हे मला त्या पानांवर समजलं. ओळख पटली की कळवळणं सोपं असतं रे. ओळख पटत नाही तिथे काय करतो, तीच परीक्षा. तिथे मी काठावर पास आहे, जास्त नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही पुसला. चष्मा खणातच आहे, घडी घालून, एक काडी जरा वाकडी. तुझं पत्र वाचल्यावर मुद्दाम काढून पाहिला, कारण तू सगळीकडे ‘डाव्या काचेवरचा तो ठसा’ असं लिहिलं आहेस. कवितेत डावी-उजवी काही नाही. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला तर ठसा उजव्या काचेवर निघाला, खालच्या कडेला, अर्धवट.

तुझा डावीकडेच राहू दे. दुरुस्त करू नकोस.

ताईला कविता पाठवावी का, असं विचारलंयस. पाठव. माझं नाव घालू नकोस, आणि सोबत समजावणारी चिठ्ठी तर मुळीच नको. तिला कोणती काच दिसते ते मात्र कळव.

तुझाच