फुलेवाड्यातील सहल घाईने उरकू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की शालेय सहलींच्या बस पुण्यात येऊ लागतात. शनिवारवाडा, सारसबाग, कात्रजचे प्राणिसंग्रहालय आणि वेळ उरलाच तर गंज पेठेतील महात्मा फुले वाडा, असा अनेक शाळांचा क्रम ठरून गेला आहे. मुले रांगेने आत शिरतात, छायाचित्र काढले जाते आणि शिट्टी वाजताच सगळे बाहेर पडतात. ही भेट अशी उरकण्यापेक्षा वाघ-सिंह पुढच्या वर्षावर ढकलावेत, असे निवृत्त इतिहास शिक्षिका म्हणून मला वाटते.

हा वाडा म्हणजे एक राहते घर होते. तो पाहणाऱ्याला दिपवत नाही, म्हणूनच तेथे सांगणारे माणूस लागते. सार्वजनिक पाणवठ्यावर ज्यांना पाऊल ठेवू दिले जात नव्हते, त्या अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी झालेला. ही वजाबाकी मुलांनी वाड्याच्या अंगणात उभे राहून करावी. जोतीरावांची समाधीही याच आवारात आहे. १८९० मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेपुढे नेतात ते मडके, धरले होते, हे समाधीपाशी सांगितले तर मुली प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाहीत.

बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली. परंतु ती जुनी वास्तू स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडण्यात आली. त्यामुळे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल असे फुले दांपत्याचे घर म्हणून या वाड्याचे मोल अधिकच वाढले आहे.

शाळांना माझी विनंती अशी की, एका वेळी एकच तुकडी न्यावी आणि ३ जानेवारी (सावित्रीबाईंची जयंती) किंवा २८ नोव्हेंबर (जोतीरावांची पुण्यतिथी) या दिवशी जाऊ नये, कारण अभिवादनाच्या गर्दीत मुलांना काही दिसत नाही की ऐकू येत नाही. निघण्यापूर्वी वर्गात इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढील १८८२ चे जोतीरावांचे निवेदन थोडे वाचून दाखवावे. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी बारा वर्षांच्या मुलांना समजावून सांगावी लागणार नाही. पुण्यातील शाळांना तर यासाठी खास बस ठरवण्याचीही गरज नाही. पीएमपीने जाऊन मधल्या सुट्टीपर्यंत परत येता येते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे