बाबा, इथे माफीसाठी अर्ज करावा लागत होता

जोहान्सबर्ग

ती. आई-बाबा, सा. न. वि. वि.

बाबा, ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता भूपतीने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवली, तेव्हा तुम्ही फोनवर तावातावाने म्हणालात, "ज्यांच्या घरची माणसं मारली, त्यांना कुणी विचारलं का?" मला कामावर पळायचं होतं, म्हणून 'हं' म्हणून फोन ठेवला. पण मी राहते त्या दक्षिण आफ्रिकेने याच प्रश्नावर कायदा केला होता, म्हणून हे पत्र.

साल 1995. वर्णभेदी राजवट संपल्यावरचा, आर्चबिशप टुटू अध्यक्ष असलेला सत्य आणि सलोखा आयोग. माफी सरसकट नव्हती. राजकीय हेतूने गुन्हा केलेल्याने स्वतः अर्ज करायचा आणि सगळं खरं सांगायचं. गोऱ्या सरकारचे पोलीस असोत की त्यांच्याशी लढणारे, नियम एकच. पश्चात्तापाची मात्र अट नव्हती! आले 7,112 अर्ज, माफी मिळाली 849 जणांना. वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेते स्टीव्ह बिको यांच्या मृत्यूला जबाबदार पोलिसांचे अर्ज फेटाळले गेले.

आई, तुला अहमद तिमोलबद्दल सांगायचंय. गुजराती मुसलमान घरातला, बाबांसारखाच शाळामास्तर. 1971 मध्ये पोलीस कोठडीत असताना दहाव्या मजल्यावरून पडून गेला. पोलीस म्हणाले, उडी मारली. चौकशीतही आत्महत्याच ठरली. त्याच्या म्हाताऱ्या आईने 1996 साली आयोगापुढे साक्ष दिली. पण त्या पोलिसांपैकी एकानेही माफीचा अर्ज केला नाही. खरं न कळताच ती माउली गेली. तो खून होता, हे न्यायाधीशांनी म्हटलं 2017 मध्ये. त्यानंतर एका म्हाताऱ्या माजी पोलिसावर आरोप ठेवले, तर खटला उभा राहण्याआधीच तोही मेला.

म्हणून बाबा, खरं सांगा नि माफी घ्या, हा इथला सौदा मला पटतो, पण तो अर्धाच पाळला गेला. अर्ज न करणाऱ्यांवर आणि नामंजूर झालेल्यांवर खटले चालायचे होते. आयोगाने सोपवलेली सुमारे 300 प्रकरणं बहुतेक धूळ खात पडली. ती मुद्दाम दाबली का, हे शोधायला 2025 मध्ये आणखी एक आयोग नेमलाय! आणि पीडितांच्या हाती काय, तर 2003 मध्ये एकदाच 30,000 रँड. माफी मिळालेल्यावर दिवाणी दावाही लावता येत नाही.

गडचिरोलीबद्दल माझं मत विचाराल, तर शरण येणाऱ्याला येऊ द्यावं. जंगलातल्या पोरांना परतीची वाट हवीच. पण बंदुका मोजून घेतात तसं कुणाला, कुठे, कुणाच्या सांगण्यावरून मारलं हेही लिहून घ्यावं आणि त्या त्या गावात माडिया-गोंडीतून वाचून दाखवावं. पोलिसांच्या हातून कुणी निरपराध मेलं असेल, तर तेही त्याच कागदावर यावं. इथे तुम्ही चिडणार, माहीत आहे.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? बाबा, नाही पटलं तर दोन पानं भरून लिहा. व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवू नका.

तुमची,
मनू