तोंड का उघडत नाही, हे शोधण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण) खाणाऱ्याचे तोंड उघडेनासे झाले की सगळे खर्ऱ्यालाच दोष देतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात बहुतेकदा ते खरेही असते. पण दर वेळी नाही, आणि कारण चुकले की उपचारही चुकतो. म्हणून आमची ग्रामआरोग्य समिती तालुक्यातल्या दंतवैद्यांना घेऊन गावोगाव तोंड-जबडा तपासणी करणार आहे. त्यासाठी आपली मदत हवी आहे.

तोंड पूर्ण उघडले की मोठ्या माणसाच्या वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडांत साधारण 35 ते 50 मिलिमीटर अंतर पडते. घरी पाहायचे तर स्वतःची तीन बोटे उभी मावली पाहिजेत. शिबिरात हे अंतर तीनदा मोजू: न दुखता उघडेल तेवढे, दुखले तरी जास्तीत जास्त, आणि शेवटी बोटांनी हलके ताणून. ताणल्यावर तोंड आणखी उघडले तर दोष बहुधा स्नायूंत असतो. अजिबात हलले नाही, तर जबड्याच्या सांध्यातली चकती (हाडांमधली मऊ गादी), हाड किंवा गालातले पट्टे तपासावे लागतात.

खर्रा, मावा किंवा नुसत्या सुपारीनेही गालाचा आतला भाग पांढुरका होतो, बोट फिरवले की दोरीसारखे उभे पट्टे लागतात, तिखटाने आग होते, जीभ पुरेशी बाहेर येत नाही. कानापुढचा सांधा मात्र सहसा दुखत नाही. उलट, जबड्याचा कट्‌कट् आवाज एके दिवशी अचानक थांबला आणि तोंड 25-30 मिलिमीटरवर अडले, तर चकती पुढे सरकून अडकलेली असू शकते. उघडताना हनुवटी अडकलेल्या बाजूला वळते. लहान मूल हनुवटीवर पडले असेल आणि पुढे तोंड कमी-कमी उघडू लागले, तर सांध्याचे हाड जुळत असेल. वय वाढते तशी हनुवटी लहान आणि वाकडी राहते. अशा मुलांना आधी घेऊन या.

सूज-ताप असेल, गिळता येत नसेल, किंवा जखमेनंतर दातखीळ बसून मान ताठली असेल, तर शिबिराची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जबरदस्तीने तोंड उघडू नका. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तीही लगेच दाखवा.

एका शिबिराला लागणारे साहित्य असे: 100 तोंडाचे आरसे, 4 स्टेनलेस स्टीलच्या मोजपट्ट्या (साध्या प्लास्टिकच्या निर्जंतुक करताना 121 अंशांच्या वाफेत वाकू शकतात), हातमोज्यांचे 4 डबे, आणि डोक्याला बांधायचे 4 दिवे. हातात बॅटरी धरली की गाल चाचपायला एकच हात उरतो. लाकडी चपट्या काड्याही हव्यात. गालात पट्टे असलेल्यांना त्या दातांत एकावर एक ठेवून व्यायाम शिकवतो आणि हळूहळू काडी वाढवतो. हाड जुळलेल्या सांध्याला या काड्यांनी काहीच फरक पडत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. निदान आधी का हवे, ते यावरूनच कळेल.

रोख मदतीतून जबड्याच्या एक्स-रेचा खर्च आणि जिल्हा रुग्णालयापर्यंतचे गाडीभाडे देऊ. एक्स-रेत हाड दिसते, चकती दिसत नाही. तिला एमआरआय लागतो, तोही थोड्याच जणांना. नुसता आवाज येतो, दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडते, अशांवर हा पैसा खर्च होणार नाही.

बायाही खर्रा खातात, पण पुरुषांसमोर तोंड दाखवायला लाजतात. त्यांच्या रांगेसाठी दोन स्वयंसेविका हव्या आहेत.

साहित्य नवेच द्यावे. पैसे ग्रामपंचायत कार्यालयात जमा करून पावती घ्यावी. हिशेब तिथल्याच फलकावर लावू.