दशक आधी हातात, मग वहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसरी-तिसरीच्या वर्गाला 52 वजा 17 हे उदाहरण घातले, की काही वह्यांत हमखास 45 हे उत्तर सापडते. हे मूल आळशी नसते आणि त्याला वजाबाकी येत नाही असेही नसते. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून ते 7 मधून 2 काढते, मग 5 मधून 1. दोन्ही वजाबाक्या बरोबर असतात. फक्त 52 मधला 5 म्हणजे पन्नास, हे त्याच्या मनात उतरलेले नसते. त्याच्या लेखी ते शेजारी शेजारी लिहिलेले दोन आकडे असतात. आपण फुली मारतो आणि ‘शेजाऱ्याकडून एक उसना घे’ हे पुन्हा एकदा घोकून घेतो. उसना घेतलेला तो एक पलीकडे जाऊन दहा कसा होतो, हे मात्र सांगायचे राहूनच जाते.

आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसणारी मुले आमच्या भागात पुष्कळ आहेत. गिऱ्हाईकाने 35 रुपयांची भाजी घेऊन शंभराची नोट दिली, तर ती ‘पाच, चाळीस, साठ, शंभर’ असे म्हणत 65 रुपये बिनचूक परत देतात. तीच मुले वहीत 100 वजा 35 या उदाहरणाशी अडून बसतात. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही मुले किचकट हिशेब तोंडी करत होती, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या उदाहरणांत मागे पडत होती. उलट जी मुले फक्त शाळेत जात होती, त्यांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. मला यातली दुसरी गोष्ट अधिक गंभीर वाटते. शाळेत शिकलेले गणित शाळेबाहेर उपयोगी पडत नसेल, तर आपण शिकवतो तरी काय?

उपाय महागडा नाही. आइसक्रीमच्या काड्या आणि रबरबँड पुरतात. दहा काड्यांचा गठ्ठा मुलांनीच मोजून बांधायचा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून सतरा मागायच्या. एक गठ्ठा दिला जातो, पण सात सुट्या काड्या काही जमत नाहीत. इथे शिक्षकाने गप्प बसावे. वर्गात थोडी कुजबुज होते आणि कोणीतरी रबर काढून गठ्ठा सोडते. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. दशक सुटा करणे म्हणतात ते हेच, आणि ते मुलाने स्वतःच्या हाताने केलेले असते. हीच कृती मग दहाच्या व एकच्या खेळण्यातल्या नोटांनी करावी, मणीमाळेवर करावी आणि सगळ्यात शेवटी वहीत मांडावी. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. ते जाऊ द्यावेत, कारण पुढचा गुणाकार, भागाकार आणि दशांश अपूर्णांक याच समजेवर उभे राहतात.

पाढे पाठ करू नयेत, असे मी म्हणत नाही. पाढे यायलाच हवेत. पावकी-दिडकी (पाव आणि दीडचे पाढे) येत असेल तर उत्तमच. पण चारचा पाढा म्हणजे चार-चारच्या उड्या, हे मणीमाळेवर एकदा पाहिलेल्या मुलाला चार साते विसरले तरी अडत नाही. चार सखं चोवीसच्या पुढे चार मोजून ते अठ्ठावीसपर्यंत पोचते. शाब्दिक उदाहरणेही गावातलीच घ्यावीत. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट 20 किलोचे धरतात, हे इथल्या शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. साडेतीन क्रेटचे किलो किती, यावर वर्ग हिरिरीने भांडतो.

मग हे सगळीकडे का होत नाही? जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत गणित पेटी, म्हणजे हाताळून शिकायच्या साहित्याची पेटी, आहे, पण साहित्य हरवेल या धास्तीने ती कपाटातच राहते. दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरणे आणि पोषण आहाराच्या नोंदी. अशा वेळी फळ्यावर रीत लिहून देणे हाच सुटकेचा मार्ग उरतो. वर अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट योग्यच आहे. पण ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर 2024’ या ग्रामीण शिक्षण सर्वेक्षणात देशभरातल्या तिसरीच्या साधारण तीनपैकी एकाच मुलाला हातच्याची वजाबाकी आली. नुसता वेग वाढवून हे अंतर भरून निघणार नाही.

शिक्षण विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. दुसरीच्या वर्षात दशकाच्या कामासाठी पुरेसे तास राखून ठेवा आणि तेवढे दिवस पुस्तकाची पाने मोजू नका. गणित पेटीतले साहित्य वापरताना हरवले किंवा तुटले, तर त्याची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असे लेखी कळवा. आणि केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी शाळाभेटीला येतील तेव्हा त्यांनी वह्या तपासण्याआधी एखाद्या मुलाच्या शेजारी बसून ‘हे तू कसं केलंस, मला सांग’ एवढे विचारावे. मूल काय सांगते, ते भेटीच्या अहवालात लिहावे.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जुन्नर (जि. पुणे)