पत्र्यावरचे दगड उतरवले, मावशी

मावशी,

नमस्कार. पाया पडू लागलं की तुम्ही मागं सरकता, म्हणून लांबूनच.

हे तुम्हाला फोनवरही सांगता आलं असतं. पण चारचौघांनी वाचावं असं वाटलं, म्हणून असं उघडं लिहितेय. आपल्याकडं संकट येऊन गेल्यावर ब्लँकेटं वाटणाऱ्याला शाल-नारळ मिळतं, पेपरात फोटो येतो. ते मिळावंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काही पडायच्या आधीच परक्या गावात येऊन लोकांच्या भिंती ठोकून बघणाऱ्या बाईचा सत्कार झालेला मी तरी अजून पाहिला नाही.

तुम्ही आलात तेव्हा आमच्या गावाची झोप उडालेली होती. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहानंतर भूकंपाचे लागोपाठ दोन धक्के बसले, एक ४.५ चा आणि एक ३.६ चा. पुन्हा १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ चा. केंद्र आमच्या हिंगोली जिल्ह्यातच. तिकडं वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलोय, त्यामुळं जमीन हलणं आम्हाला अगदीच नवं नव्हतं. नवं होतं ते व्हॉट्सॲप. रोज कुणीतरी मेसेज टाकायचं, आज रात्री दोनला मोठा येणार, उद्या पहाटे येणार. माणसं लेकराबाळांना घेऊन भर पावसाळ्यात अंगणात झोपायची, आणि सकाळी त्याच भिंतीला टेकून चहा प्यायची.

तुम्ही मारुतीच्या पारावर बसलात आणि पहिलंच वाक्य बोललात, "भूकंपाची तारीख आन् वेळ जगात कुणालाच सांगता येत नाही. जो सांगतो त्याचा मेसेज पुसून टाका." मग म्हणालात, "आता घरं दाखवा." भाषण नाही, बॅनर नाही. आमच्या सरपंचांनी हार आणून ठेवला होता, तो शेवटी मारुतीला गेला.

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातली बाई आपल्या गावात कशाला आली, असं काही जण कुजबुजत होते. ते तुम्हालाही ऐकू गेलं असणार. तुम्ही ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची गोष्ट सांगितलीत ती फक्त एकदाच, आणि तीही आमच्या सासऱ्यांनी विचारलं म्हणून. पहाटे चारला पाच-एक मिनिटं कमी, गणपती विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत. धक्का ६.२ चा. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास १०,००० माणसं गेली. तुमच्या घरातलं कोण गेलं ते तुम्ही सांगितलं नाहीत, आम्ही विचारलं नाही. त्याऐवजी ती का गेली ते सांगितलंत. दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंती, पण दगड चिखलात बसवलेले. भिंतीची आतली बाजू वेगळी, बाहेरची वेगळी, मधे नुसता भरावा. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. वर माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, दरसाल टाकत गेलेल्या पांढऱ्या मातीचा ढीग. जमीन हलली की भिंत दोन्हीकडं उकलते आणि वरची माती खाली येते. किल्लारीच्या भागात त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बरेच लहान धक्के बसले होते. मग सगळं शांत झालं, आणि लोक विसरले. हे तुम्ही अगदी साध्या आवाजात सांगितलंत, पण पारावरची कुजबूज तिथंच थांबली.

मग तुम्ही पहार मागितलीत. तिच्या टोकानं भिंत ठोकत, कान लावत घराघरातून फिरलात. आमच्या मागच्या भिंतीपाशी थांबून म्हणालात, "हिला पोट सुटलंय." वीस वर्षं मी त्या भिंतीवर गोवऱ्या थापत होते, मला ती भिंत तशीच असते असं वाटायचं.

माझ्या सासऱ्यांशी झालेली तुमची खडाजंगी मी कधी विसरणार नाही. माळवदाची माती काढायची म्हटल्यावर ते उसळले. "वैशाखात येऊन बसा पत्र्याखाली, मग सांगा माती काढायला!" दुसरं कुणी असतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही म्हणालात, "दादा, तुमचं खरं आहे. सगळी नका काढू. वीतभर ठेवा, खाली प्लास्टिकचा कागद घाला, म्हंजे गळणार नाही, आन् दरसाल नवी टाकायचीही गरज नाही." म्हातारा गप्प बसला. माळवद गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी माती वर चढवायला त्यांनाच मजूर शोधावे लागायचे! आता घर थंडही आहे आणि डोक्यावरचं ओझंही निम्म्याहून कमी झालंय.

पोट सुटलेल्या भिंतीचा भाग उकलून नीट बांधून घेतला. बाकीच्या भिंतींत तुम्ही सांगितलं तसं थोड्या थोड्या अंतरावर आरपार भोकं पाडली, वाकवलेली सळई घातली, काँक्रीट भरलं. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे टेकू ठोकले. गवंडी आधी हसत होता. आता तोच शेजारच्या गावात हेच काम धरतो आणि आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं असं सांगतो. सांगू द्या.

पत्र्यांचंही तसंच. दगड उतरवा असं प्रशासनानं मार्चमध्येच सांगितलं होतं. पण दगड काढले तर वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडून रानात जाणार, ही आमची अडचण. ती तुम्ही ऐकून घेतलीत आणि हुक, वायसर, तार यांची यादी करून दिलीत. आमच्या बचत गटानं एकत्र सामान आणलं तेव्हा दुकानदारानं भावही कमी केला. आता गल्लीत एकाही पत्र्यावर दगड नाही. उतरवलेल्या दगडांचा सार्वजनिक नळापाशी ओटा झाला.

मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते मात्र घरांबद्दल नाही. तुम्ही सभेत पुरुषांना बाजूला बसवून बायकांना विचारलंत, की गल्लीत रात्री कोण कुठं झोपतं? ही माहिती आमच्याशिवाय कुणाकडं असणार? कोणाची सून बाळंतीण आहे, कुठली म्हातारी उठू शकत नाही, कोणाच्या उशाशी उतरंड आहे, कुणाचं दार धान्याच्या कोठीमुळं अर्धंच उघडतं. ढिगाऱ्यातून पहिल्या तासाभरात माणूस काढतो तो शेजारीच, बाहेरची मदत नंतर येते. त्यामुळं कुठं उकरायचं हे शेजाऱ्याला माहीत पाहिजे, असं तुम्ही म्हणालात. ती वही आता आमच्या गटाकडं आहे. पहार, टिकाव, ट्रॅक्टर कुणाकडं आहेत तेही त्यात आहे. दर सणाला आम्ही ती दुरुस्त करतो, कारण माहेरवाशिणी येतात, ऊसतोडीला गेलेली घरं बंद असतात.

हे तुम्ही कुठं शिकलात ते नंतर कळलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं सरकारनं नव्या जागी वसवली. पण ज्यांची घरं तडकून उभी होती अशी शेकडो गावं होती, आणि तिथल्या दुरुस्तीच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. इंजिनिअर आणि घरमालक यांच्या मधे त्या. तुम्ही त्यातल्या एक. पदर सावरत सिमेंटचं माप बघायचात म्हणे! २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छला गेल्या, त्यांतही तुम्ही होतात. तिथली भाषा येत नव्हती, पण भिंत कळत होती, असं तुम्ही हसत सांगितलंत.

मदतीबद्दल तुमचं एक बोलणं मला फार पटलं. त्र्याण्णवला रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, देणाऱ्यांनी मनापासून दिले होते, पण बाईला तेव्हा लागत होता आडोसा, कंदील, भांडं आणि पाळीचं कापड. ते कुणी विचारलंच नाही. म्हणून आम्ही गटात आधीच यादी लिहून ठेवलीय, काय लागेल आणि काय पाठवू नका. वाटपाच्या यादीत एकट्या बायकांची नावं सुटतात, तीही तुम्ही वेगळी काढायला लावलीत.

काही कामं राहिलीत. ग्रामपंचायतीजवळच्या एका पडीक वाड्याची भिंत रस्त्यावर झुकलीय, मालक पुण्यात, फोन उचलत नाही. ग्रामसभेत विषय घेतलाय. शेजारच्या तांड्यावरच्या बायका आम्हाला बोलवताहेत, पण आमच्यातल्या दोघी-तिघींनाच ठोकून आवाज ओळखता येतो. तुम्ही सोबत असाल तर धीर येईल.

तेव्हा हळदीचा हंगाम उरकला की या. मार्चअखेर शिजवणं, वाळवणं संपतं, मग आम्ही मोकळ्या. येताना त्या टेकूचं चित्र काढलेला कागद आणा, आमच्याकडचा गवंड्यानं नेला, तो परत दिला नाही. कळमनुरीच्या बसस्टँडवर घ्यायला माझा पोरगा येईल, फक्त आदल्या दिवशी फोन करा. सासरे म्हणतात, मुक्काम माळवदाच्या घरातच.

तुमची,
बचत गटाची सचिव
ता. कळमनुरी, जि. हिंगोली