मृतांचा आकडा नवा, कारण मात्र जुनेच!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण राज्यांमधील यादवी युद्धाविषयीच्या (1861-65) नव्या संशोधनावरील लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. (आमच्या गावी रविवारची पुरवणी सोमवारी पोचते, आणि पैसे मात्र रविवारच्या दराने घेतले जातात, पण ते असो.) मृतांचा 6,20,000 हा पिढ्यानपिढ्या पाठ केला गेलेला आकडा इतिहासकार डेव्हिड हॅकर यांनी 2011 मध्ये जनगणनांची तुलना करून साडेसात लाखांच्या आसपास नेला आणि 2024 मध्ये जनगणनेच्या संपूर्ण नोंदी तपासणाऱ्या संशोधकांनी तो 6,98,000 वर आणला, ही माहिती लेखकाने नेटकेपणाने दिली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. मात्र पुढच्या दीड स्तंभात ‘राज्यांच्या हक्कांसाठी भावाभावांत झालेले दुर्दैवी युद्ध’ आणि ‘दोन्ही बाजूंचे अतुलनीय शौर्य’ वाचून मन विटले. नव्या संशोधनाच्या मथळ्याखाली इतका शिळा माल खपवायचा असेल तर निदान त्यावर जुनी तारीख तरी टाकावी.

कोणत्या राज्यांचे कोणते हक्क, हे लेखकमहाशयांनी सांगितले असते तर बरे झाले असते. मिसिसिपी राज्याने 1861 मध्ये संघराज्यातून फुटताना जे निवेदन काढले, त्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे सुरुवातीलाच लिहून ठेवले आहे. फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी त्याच वर्षी मार्च महिन्यात सव्हाना येथे भरसभेत सांगितले की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या राज्याची कोनशिला आहे. उलट, पळून आलेल्या गुलामांना धरून परत पाठवण्याचा 1850 चा केंद्रीय कायदा उत्तरेकडील काही राज्ये पाळेनात, तेव्हा केंद्राने त्यांना वठणीवर आणावे म्हणून हीच दक्षिणेतली मंडळी आरडाओरडा करीत होती. त्या वेळी राज्यांचे हक्क कोठे गेले होते? ही मखलाशी युद्ध हरल्यानंतर रचली गेली, तिच्यासाठी चौकाचौकांत पुतळे उभे राहिले, शालेय पुस्तके तपासून घेतली गेली, आणि ती आमच्या जिल्ह्यापर्यंत कशी पोचली हे मी स्वतः पाहिले आहे.

मी शाळेत इतिहास शिकवीत असताना एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचा विषय ‘अब्राहम लिंकन’ असा होता. आमच्या नववीतील एक मुलगी, जिचे वडील जिनिंगमध्ये हमाली करीत, तिने भाषणाची सुरुवात जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेने केली. गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना जोतीरावांनी 1873 मध्ये हे पुस्तक अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली, हे तिने न अडखळता सांगितले, आणि युद्ध कशासाठी झाले हे पुण्यात बसलेल्या माणसाला तेव्हा कळत होते, असेही ती म्हणाली. परीक्षकांनी तिच्या नावापुढे ‘विषय सोडून’ असा शेरा मारून तिला उत्तेजनार्थ बक्षिसातूनही वगळले. शिवाय अध्यक्षपदावरून बोलताना याच विद्वान गृहस्थांनी, युद्ध मुळात आयात जकात आणि राज्यांचे हक्क यांवरून झाले, गुलामगिरीचा मुद्दा लिंकन यांनी सोयीसाठी पुढे आणला आणि महात्मा फुल्यांना यात ओढण्याचे काही कारण नव्हते, असे पोरांना ऐकवले. मी उठून हरकत घेतली, तेव्हा आयोजकांनी ‘सर, स्पर्धा शालेय पातळीची आहे, चहा घ्या’ म्हणून मला खाली बसवले. इतक्या वर्षांनी तीच जकात आणि तेच हक्क आपल्या प्रतिष्ठित पुरवणीत, तेही सचित्र, वाचायला मिळावेत, याला काय म्हणावे?

बरे, नव्या संशोधनाचे जे खरे मर्म, त्याला लेखाने स्पर्शही केलेला नाही. युद्धाआधीच्या आणि नंतरच्या जनगणना ताडून किती पुरुष नाहीसे झाले हे मोजण्याची ही रीत प्रामुख्याने गोऱ्या पुरुषांनाच लागू पडते, कारण 1860 च्या जनगणनेत सुमारे 40 लाख गुलामांची नावेच नाहीत. मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढीच त्यांची नोंद. उत्तरेच्या सैन्यात सुमारे 1,80,000 काळे सैनिक लढले. मळे सोडून सैन्याच्या छावण्यांकडे धावलेली बायकामुले देवीच्या साथीत आणि उपासमारीत मेली, याकडे जिम डाउन्स या इतिहासकाराने 2012 मध्ये लक्ष वेधले. ती बायकामुले सहा लाखांतही नाहीत आणि सात लाखांतही नाहीत. ‘भावाभावांचे युद्ध’ म्हणताना यांना कोणाचे भाऊ समजायचे?

आणि युद्ध 1865 मध्ये संपले म्हणजे सारे संपले, असे लेख वाचून वाटते. जोतीरावांनी ती अर्पणपत्रिका छापली, त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातील कोलफॅक्स येथे निवडणुकीच्या वादातून न्यायालयाची इमारत राखणाऱ्या काळ्या माणसांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने हल्ला केला आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. तेथे 1950 मध्ये सरकारी फलक लागला, तो या कत्तलीला ‘दंगल’ म्हणत होता आणि तिच्यामुळे दक्षिणेतील (म्हणजे उत्तरेतून आलेल्या) उपऱ्यांच्या गैरकारभाराचा अंत झाला, असे सांगत होता. तो फलक 2021 मध्ये काढला गेला. युद्धाचा वारसा म्हणतात तो हा. दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांच्या घोड्याचे नाव आपल्या लेखात आहे, कोलफॅक्सचे नाही.

शेवटच्या परिच्छेदात ‘या युद्धामुळे भारतीय कापसाला सोन्याचे दिवस आले’ असे एक वाक्य आहे. सोने मुंबईच्या दलालांनी पाहिले असेल. युद्धात अमेरिकेचा कापूस अडला म्हणून चढलेले भाव युद्ध संपताच 1865 मध्ये कोसळले, कंपन्या बुडाल्या, 1867 मध्ये इंदापूरकडे तेजीच्या भावांवर विसंबून शेतसारा वाढवला गेला, आणि 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, तेव्हा चौकशी आयोगाला या तेजी-मंदीची दखल घ्यावी लागली. आम्हा कापूसवाल्यांच्या मुलखात हे वाक्य जरा जपून लिहावे.

लेखाचा उत्तरार्ध पुढील रविवारी येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात 1865 ते 1877 ही दक्षिणेच्या युद्धोत्तर पुनर्रचनेची बारा वर्षे यावीत आणि ‘राज्यांच्या हक्कां’बद्दलचा खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, मूर्तिजापूर